प्रॉपचा पिच वाढवला की विमान पळतं का? पाना हातात घ्यायच्या आधी हे वाचा

परवा एकाचा फोन आला, विमान बांधून झालंय, उडतंयपण झकास, फक्त क्रूझला (एकसारख्या वेगानं सरळ उडताना) ताशी १५० किलोमीटरच्या पुढं जाईना म्हणून विचारत होता की प्रॉपचा, म्हणजे पुढच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, दोन डिग्री वाढवू का. मी म्हटलं आधी हे सांग, सरळ लेव्हल उडताना थ्रॉटल पूर्ण उघडला की आरपीएम किती येतो. म्हणला ते काय बघितलं नाही. आता थर्मामीटर न लावता कुणी क्रोसिन द्या म्हणालं तर देता येतं, पण प्रॉपचं तसं नसतं राव, उलटं पडलं तर धावपट्टी संपते आणि विमान अजून खालीच असतं.

माझं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मी पायलट नाही हे आधीच सांगतो. मित्राचं दोन सीटचं किट विमान जुळवायला दोन वर्ष हातभार लावला, त्यातलं प्रॉपचं काम सगळं माझ्याकडं होतं. इंजिन रोटॅक्स ९१२, ८० एचपीवालं, आणि पुढं तीन पात्यांचा कॉम्पोझिट प्रॉप, जमिनीवर पाती सैल करून कोन बदलता येतो असा. त्यामुळं खाली जे आकडे येतील ते बहुतेक याच इंजिनाचे असतील, तुमचं दुसरं असेल तर पद्धत तीच ठेवा आणि आकडे तुमच्या मॅन्युअलमधनं घ्या. आणि डीजीसीएच्या (विमानांचं सरकारी खातं) परवानग्या, उडवणारा माणूस लायसन्सवाला, हे सगळं झालंय असं धरून लिहितोय. (कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, ते २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं, तेव्हापासून आपल्याकडं हौशी मंडळी वाढलीत, चांगलंच आहे, पण परवानगीचं काम त्यांनासुद्धा काही वर्ष पुरलं होतं हे लक्षात ठेवा.)

पिच म्हणजे काय ते मला आमच्या वर्कशॉपातल्या तात्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. तात्यांनी आयुष्यात विमान जवळून बघितलेलं नाही. मी प्रॉपचं पातं टेबलावर ठेवून डोकं खाजवत बसलो होतो तर म्हणाले, "अरे बाळा, हा बोल्टच आहे की, फक्त आटे हवेत पाडतोय." बरोबर आहे. बोल्ट एक फेरा फिरवला की जेवढा आत जातो तो त्याचा पिच, तसं प्रॉप एक फेरा फिरला की कागदावर जेवढा पुढं जायला पाहिजे तो त्याचा पिच, इंचात. प्रॉपवर ६८ × ५४ असं लिहिलेलं असतं त्यात ६८ इंच व्यास आणि ५४ इंच पिच.

यावरनं कागदी स्पीड काढायचं सोपं गणित: पिच इंचात गुणिले प्रॉपचा आरपीएम, भागिले ६५६, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. ६० इंच पिच आणि २७०० आरपीएम असेल तर साधारण २४७. नॉट्समध्ये पाहिजे असेल तर ६५६ च्या जागी १२१५ घ्या.

इथं पहिली चूक होते आणि ती मीपण केलीय. रोटॅक्सच्या मीटरवर दिसतो तो इंजिनाचा आरपीएम, प्रॉप गिअरबॉक्समागनं फिरतो. ८० एचपीच्या ९१२ ला गिअरचं प्रमाण २.२७ आहे, १०० एचपीच्या ९१२ यूएलएसला २.४३. म्हणजे मीटरवर ५००० असेल तेव्हा माझा प्रॉप २२०० च्या आसपास फिरतोय. मी पहिल्यांदा थेट ५००० टाकून गणित केलं आणि आमचं विमान ताशी ४०० किलोमीटरच्या वर गेलं, कागदावर. मित्र आठवडाभर चहावाल्यासमोर सांगत होता.

दुसरी गोष्ट, पातं पिळलेलं का असतं. सातारकरांनी चाळकेवाडीला किंवा वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या बघितल्याच असतील, हायवेवर त्याची पाती घेऊन जाणारा ट्रेलर आडवा आला असेल तर अजून जवळनं. ते पातं बुडाशी चांगलंच तिरकं असतं आणि टोकाला जवळजवळ सपाट होत जातं. प्रॉपचं तसंच, काम फक्त उलटं, तिथं वारा पात्याला फिरवतो इथं पातं हवेला मागं ढकलतं. बुडाजवळचा भाग एका फेऱ्यात थोडंच अंतर फिरतो, टोक भरपूर फिरतं, पण पुढं दोघांना सारखंच जायचंय, म्हणून कोन बदलत न्यावा लागतो. त्यामुळं "पात्याचा कोन किती" असं नुसतं विचारून उपयोग नाही, कुठं मोजला ते सांगायला लागतं. साधारण पद्धत म्हणजे केंद्रापासून त्रिज्येच्या ७५ टक्क्यांवर. ६८ इंची प्रॉपला ती जागा केंद्रापासून साडेपंचवीस इंचावर येते. तिथला घेर होतो १६० इंच, त्याला कोनाच्या टॅनने गुणलं की पिच. साडेअठरा डिग्रीला साधारण साडेत्रेपन्न इंच आणि वीस डिग्रीला अठ्ठावन्न. म्हणजे या मापाच्या प्रॉपला एक डिग्री म्हणजे जवळपास तीन इंच पिच. दोन डिग्री हा किरकोळ फरक नाही हे त्या फोनवाल्याला पटायला वेळ लागला.

अजून एक, ६० लिहिलेला प्रत्येक प्रॉप ६० नसतो. बरेच जण पिच मोजतात पात्याच्या मागच्या सपाट बाजूवरनं, पण पात्याचा आकार पंखासारखा फुगीर असतो आणि फुगीर पंख शून्य कोनालाही थोडी लिफ्ट (उचल) देतोच. म्हणून कधीकधी विमान कागदी स्पीडपेक्षा जास्त पळताना दिसतं आणि लोकांना वाटतं चमत्कार झाला. एका कंपनीचा ६० आणि दुसऱ्या कंपनीचा ६० यांची तुलना करू नका, एकाच प्रॉपची स्वतःशी तुलना करा.

आता मुद्द्यावर येतो. पिच म्हणजे गिअर, इंजिनाची ताकद नव्हे. खंबाटकी चढताना लोड ट्रक टॉप गिअरला टाकला तर काय होतं ते सगळ्यांना माहितीय, इंजिन घुसमटतं. आणि पहिल्या गिअरला टाकून कऱ्हाड ते सातारा हायवेनं गेलात तर इंजिन बोंबलतं आणि मागनं दुधाची टेंपो ओव्हरटेक करते. बारीक पिच म्हणजे पहिला गिअर, टेकऑफ आणि चढण मस्त. जाड पिच म्हणजे टॉप गिअर. फिक्स पिच म्हणजे अख्ख्या प्रवासाला एकच गिअर आणि तो घरनं निघतानाच ठरवायचा.

आणि ताकदीचा हिशोब क्रूर आहे. क्रूझच्या स्पीडला विमानाला अडवणारी मुख्य गोष्ट हवेचा ड्रॅग, आणि त्याला लागणारी ताकद स्पीडच्या घनात वाढते. १६० चं १७६ करायचं म्हणजे स्पीड दहा टक्के वाढला, पण ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. ही तेहतीस टक्के ताकद पाना फिरवून कुठनं येणार सांगा.

तरी लोक शपथेवर सांगतात की पिच वाढवला आणि क्रूझ वाढलं. खोटं बोलत नाहीत ते, मोजतात चुकीचं. यात मीपण फसलो होतो म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही सुरुवातीला पाती वीस डिग्रीला लावली होती, कारण मित्राला स्पीड पाहिजे होता. ५००० आरपीएमला जीपीएसवर १५८ दिसायला लागलं, मित्र खूश. पण टेकऑफला विमान रेंगाळायचं, आणि ५००० च्या वर आरपीएम जातच नव्हता, म्हणजे तो ५००० हाच फुल थ्रॉटल होता. मग पाती साडेअठराला आणली. आता ५००० ला फक्त १४९. मित्राचं तोंड पडलं, म्हणला परत कर. मी म्हटलं थांब, फुल थ्रॉटल देऊन बघ. ५४०० आला आणि स्पीड १६१. आणि मग इंधनाच्या मीटरवर नजर टाकली तेव्हा खरी गंमत कळली. साडेअठराला ५००० आरपीएम ही आरामाची क्रूझ होती, तासाला सोळा लिटरच्या आसपास. वीस डिग्रीला ५००० म्हणजे इंजिन पार पिळून काढलं होतं. तेवढंच सोळा लिटर जाळायचं म्हटलं तर वीस डिग्रीला आरपीएम ४७०० यायचा आणि स्पीड १४८. म्हणजे सारख्या पेट्रोलला स्पीड तोच! एका किलोमीटरचा फरक तर जीपीएसच्या आणि वाऱ्याच्या चुकीतच जातो.

तर सारख्या आरपीएमला तुलना करायची नाही. जाड पिचला सारखा आरपीएम राखायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, इंजिन जास्त ताकद देतं, साहजिक पळतं. तुलना करायची ती सारख्या इंधनाला, नाहीतर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) मीटर असेल तर त्याच्या जोडीनं.

मग पिच वाढवून खरोखर फायदा कधी होतो? जेव्हा तो आधी फार बारीक असतो तेव्हा. ९१२ ला ५८०० आरपीएम फक्त पाच मिनिटं चालतो, कायमचा चालवायचा तर ५५००. समजा लेव्हल उडताना तुमचा थ्रॉटल अजून बोटभर शिल्लक असतानाच ५५०० लागतोय, म्हणजे तुमच्याकडं ताकद आहे पण आरपीएमच्या भीतीनं वापरता येत नाही. इथं पिच वाढवला की ती ताकद मिळते आणि स्पीड खरा वाढतो. बाकी वेळेला पिच बदलून टॉप स्पीड फारसा हलत नाही, हलतं ते टेकऑफ आणि चढण.

आता करायचं कसं ते.

आधी आरपीएम मीटर तपासा. इंजिनाच्या मीटरवर विश्वास ठेवून अख्खा पिच चुकीचा लावलेले लोक आहेत. ऑप्टिकल टॅकोमीटर घ्या, पण शेडमधल्या ट्यूबलाइटखाली वापरू नका. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, मीटर तेच मोजतो, दोन पात्यांचं सेटिंग असेल तर इंजिन बंद असतानाही ३००० दाखवतो, तीन पात्यांना २०००. आम्ही बंद प्रॉपचा आरपीएम मोजून दाखवायचा खेळ पाहुण्यांना दाखवायचो. बाहेर उन्हात मोजा, प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहू नका, विमान बांधलेलं पाहिजे आणि ब्रेकवर माणूस पाहिजे.

मग जमिनीवरचा फुल थ्रॉटल आरपीएम लिहून ठेवा. तो शेवटचा आकडा नाही. विमान उभं असताना पात्याला हवा फार मोठ्या कोनात लागते, जाड पिचचं पातं तर अर्धं स्टॉलच झालेलं असतं (हवा पात्याला धरून न राहता सुटते). स्पीड वाढला की कोन कमी होतो, लोड उतरतो आणि आरपीएम चढतो. संथ विमानाला कमी चढतो, चपळ विमानाला जास्त. पण जमिनीवरचा आकडा दोन कामाला येतो, एक म्हणजे टेकऑफ कसा होईल याचा अंदाज, आणि दुसरं म्हणजे पुढं कधी अचानक शंभर-दीडशेनं कमी दिसला तर इंजिनात काहीतरी बिघडलंय हे कळतं.

खरी टेस्ट हवेत. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. आपल्याकडं उन्हाळ्यात नऊनंतर हवा उकळायला लागते, मग काही मोजता येत नाही. सुरक्षित उंचीवर जाऊन विमान लेव्हल करायचं, आरपीएमवर नजर ठेवत थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडायचा, मीटरवरची लाल रेषा (आरपीएमची कमाल मर्यादा) आली तर तिथंच थांबायचं आणि तेच उत्तर आहे, पिच बारीक आहे. नाही आली तर स्पीड स्थिर होईपर्यंत दोनतीन मिनिटं धरायचा, आरपीएम, जीपीएस स्पीड, इंधन, तापमान लिहायचं. मग उलट दिशेनं परत तेच. दोन्हीची सरासरी. एकाच दिशेचा आकडा कुणी सांगितला तर तो वाऱ्याचा स्पीड सांगतोय असं समजायचं.

९१२ ला मी लेव्हल फुल थ्रॉटलला ५४०० ते ५६०० च्या मध्ये आणायचा प्रयत्न करतो. यात ५००० ला साधारण ७५ टक्के ताकदीची क्रूझ मिळते, कारण प्रॉप जी ताकद खातो ती आरपीएमच्या घनात जाते, ५००० भागिले ५५०० चा घन केला की पाऊण येतो, करून बघा. १०० एचपीच्या यूएलएसवाल्यांनी तर जास्तच जपायचं, फुल थ्रॉटल देऊन आरपीएम ५२०० च्या खाली अडकतोय अशा अवस्थेत ते इंजिन चालवायचंच नाही, लोड जास्त आणि आरपीएम कमी म्हणजे डिटोनेशनला (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळता एकदम भडकणं) आमंत्रण. रोटॅक्सच्या टू-स्ट्रोक ५८२ वाल्यांनी पिच बदलला की ईजीटी (एक्झॉस्टच्या धुराचं तापमान) परत बघायचा, लोड बदलला की तोही बदलतो.

कोन बदलताना एका वेळी अर्धा डिग्री, त्याच्यावर नाही. आमच्या प्रॉपला एका डिग्रीला अडीचशेच्या आसपास आरपीएम हलला, तुमचा थोडा इकडंतिकडं असेल. इग्निशन बंद, चावी खिशात, चाकाला ठोकळे, आणि एक प्लगची जोडी काढून ठेवली तर अजून बरं, कारण हातानं प्रॉप फिरवणार आहात. प्रत्येक पात्यावर टोकापासून एकाच अंतरावर टेप लावून पेनानं रेघ मारा. मग एक पातं आडवं आणा, डिजिटल अँगल गेज आधी हबच्या तोंडावर लावून शून्य करा आणि मग पात्यावर त्या रेघेवर. पुढचं पातं फिरवून बरोब्बर त्याच जागी आणायचं, गेज त्याच रेघेवर. तीन पात्यांत ०.१ डिग्रीचा फरक चालतो, त्याच्यावर गेला की सीटखाली थरथर लागते. मी पहिल्यांदा मोबाईलच्या ॲपवर मोजलं होतं, मोबाईलच्या कव्हरनं अर्ध्या डिग्रीचा घोळ केला, त्या दिवशी मित्र खाली उतरला तेव्हा त्याचा चष्मा नाकावरनं घसरला होता. नंतर बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला, टॉर्क पान्यानंच, "हाताला कळतंय" म्हणून नाही. पहिल्या उड्डाणानंतर परत तपासायचे.

लाकडी प्रॉपवाल्यांचं वेगळं. कोन बदलता येत नाही, बनवणाऱ्याकडंच परत पाठवून घासून घ्यावा लागतो. मिरजेत तंबोरा बनवणाऱ्यांचे हात बघितले की वाटतं हे लोक प्रॉप पण काढतील, पण कृपा करून असला प्रयोग उडवायच्या प्रॉपवर करू नका. लाकडाचा दुसरा ताप म्हणजे आपला पाऊस. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिल-मेमध्ये आकसतं, आणि आकसलं की बोल्ट सैल. ऋतू बदलला की टॉर्क बघायचाच. विमान उभं करताना दोन पात्यांचा प्रॉप आडवा ठेवायचा, उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि बॅलन्स जातो.

उन्हाळ्याचं मात्र नीट लक्षात घ्या. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, म्हणजे १८०० फूट. मे महिन्यात दुपारी ३८ डिग्रीला हवा एवढी विरळ होते की विमानाला वाटतं आपण ५००० फुटांवर उभे आहोत, आणि साताऱ्याची उंची अजून जास्त. इंजिनाची ताकद हजार फुटाला तीन टक्क्यांच्या हिशोबानं घसरते, म्हणजे पंधरा टक्के गेली. आणि फसवणूक अशी की जमिनीवरचा आरपीएम जवळजवळ तेवढाच दिसतो! कारण हवा विरळ झाल्यावर इंजिन कमी ताकद देतं तसा प्रॉपही कमी ताकद खातो, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. मीटर बघून वाटतं सगळं ठीक आहे आणि खेच मात्र कमी झालेली असते. जानेवारीच्या थंडीत पहाटे क्रूझसाठी जाड पिच लावला आणि टेकऑफ जमला म्हणून मे महिन्यात दोन माणसं आणि फुल टाकी घेऊन जमेलच असं नाही. माझं मत विचाराल तर छोटी धावपट्टी आणि उन्हाळा असेल तर पिच अर्धा डिग्री बारीकच ठेवा, तासाभराच्या प्रवासात दोन मिनिटं उशिरा पोचाल.

व्यास वाढवून बघू का असंही विचारतात. मोठा व्यास कमी स्पीडला छान खेचतो, पण जमिनीपासनं अंतर सांभाळा, प्रमाणित विमानांना नोजव्हीलला (तिसरं चाक पुढं) किमान सात इंच आणि टेलव्हीलला (तिसरं चाक शेपटीखाली) नऊ इंच मोकळं लागतं, तोच नियम आपणही पाळावा. टोकाचा स्पीडही बघा, ६८ इंची प्रॉपचं टोक २४२० आरपीएमला सेकंदाला २१९ मीटर जातं, आवाजाच्या वेगापासनं लांब, पण डायरेक्ट ड्राइव्ह (गिअरबॉक्स नसलेल्या) इंजिनाला ७२ इंची लावून २७०० ला फिरवलात तर २५८ होतो आणि गाव गोळा होतं.

हवेत पिच बदलणारा प्रॉप घेतला तर दोन्ही गिअर मिळतात हे खरं, पण वजन, पैसे आणि बिघडायला अजून एक वस्तू. १५०-१६० वर उडणाऱ्या विमानाला मला तो परवडणारा वाटत नाही. २५० च्या पुढं जाणारं सुटसुटीत विमान असेल तर टेकऑफच्या आणि क्रूझच्या पिचमध्ये एवढं अंतर पडतं की एका गिअरमध्ये भागत नाही, तिथं जरूर घ्या.

तर तो फोनवाला. चार दिवसांनी त्यानं दोन्ही दिशेचे आकडे पाठवले, फुल थ्रॉटल लेव्हलला ५४८०. म्हणजे पिचमध्ये खोट काहीच नाही. मी म्हटलं विमानाचा बाजूनं फोटो पाठव. पाठवला. तिन्ही चाकं उघडी, स्ट्रटवर (आधाराच्या दांड्यांवर) कव्हर नाही, म्हणजे सगळा ड्रॅगच, आणि मागं शेडच्या कोपऱ्यात किटसोबत आलेल्या व्हील पँट (चाकांवर बसणारी निमुळती कव्हरं) पोत्यात तशाच बांधलेल्या दिसत होत्या. विचारलं ह्या का नाही लावल्या, तर म्हणला चिखल अडकतो म्हणून राहिल्या. म्हटलं पाना ठेवून दे आणि ते पोतं सोड आधी.